राबाची परीक्षा वीस कुंड्यांत

एप्रिल-मे महिन्यांत कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या गावी गेलात, तर भाताच्या रिकाम्या खाचरांमध्ये मधूनच काळे चौकोन दिसतील. जवळ जाऊन पाहिले तर वर राखेचा थर आणि खाली भाजून भुसभुशीत झालेली माती आढळेल. याला राब म्हणतात. पाऊस सुरू होताच याच जागेवर भात पेरतात, आणि तीन-चार आठवड्यांनी इथली रोपे उपटून त्यांची खाचरांत लावणी करतात.

राब तयार करण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. रोपांसाठी निवडलेल्या जागेवर शेण पसरायचे, त्यावर झाडांचा टहाळ, म्हणजे पानांसह तोडलेल्या फांद्या, मग गवत व पातेरा, आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर द्यायचा. वारा ज्या बाजूने येतो तिच्या उलट बाजूने हा ढीग पेटवतात, म्हणजे जाळ भडकत नाही. ढीग हळूहळू जळतो आणि खालची माती चांगली भाजून निघते. राब भाजला नाही तर रोप पिवळे पडते आणि तण माजते, असे जुने शेतकरी सांगतात.

या राबावरून एके काळी मोठा वाद झाला होता. टहाळ येतो जंगलातून. फांद्या छाटून झाडे खुंटतात, म्हणून वनखात्याने टहाळ तोडण्यावर निर्बंध घातले. शेतकरी व आदिवासी म्हणू लागले की राब नाही तर भात नाही. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८८५ साली एक वन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ साली आला. कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून पुढे कुलाब्यात आला, आणि कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. राबाचा प्रश्न या भागातल्या माणसांच्या भाकरीशी किती निगडित होता, हे यावरून ध्यानात येईल.

आता असा विचार करा. झाडे वाचवायची आणि भातही पिकवायचे, तर आधी एक गोष्ट नेमकी कळायला हवी: राबातले नेमके काय रोपांच्या उपयोगी पडते? या प्रश्नाचे उत्तर आरडाओरड करून मिळत नाही आणि मतदान घेऊनही मिळत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि १९१२ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोर असलेला हा प्रश्न आजही शाळेच्या पडवीत, वीस कुंड्या घेऊन, सहावी ते आठवीच्या मुलांना हाताळता येण्याजोगा आहे. तो कसा हाताळायचा ते पाहू.

नुसती तुलना पुरेशी का नाही?

कोणी म्हणेल, “यात प्रयोग कसला? एका शेतात राब भाजलेला आहे, दुसऱ्या शेतात नाही. दोन्हीकडची रोपे पाहिली की झाले.” पण जरा बारकाईने पाहा. राबासाठी शेतकरी शेतातली थोडी उंच, पाण्याचा निचरा होणारी जागा निवडतो. मग तिथली रोपे चांगली दिसली तर श्रेय भाजण्याचे की निचऱ्याचे? एका शेतात हळवे कर्जत-३ पेरले आहे आणि दुसऱ्यात गरवे कर्जत-२. मग फरक राबाचा की वाणाचा? गेल्या वर्षी राब केला होता आणि यंदा केला नाही, अशी तुलना केली तर दोन वर्षांचा पाऊस सारखा होता का? या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पेरणीनंतरच्या आठवड्यात तो धो-धो पडला की रिमझिम, यावर रोपाचे पुष्कळ काही अवलंबून असते.

अशा तुलनेत एकाच वेळी अनेक गोष्टी बदललेल्या असतात. त्यामुळे परिणाम दिसतो, पण त्याचे कारण कोणते ते सांगता येत नाही. नियंत्रित प्रयोगात आपण याच अडचणीवर उपाय करतो. ज्या घटकाची परीक्षा घ्यायची तेवढाच बदलायचा आणि बाकीचे सर्व घटक सारखे ठेवायचे. मग जो फरक दिसेल, त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही.

राब म्हणजे एक गोष्ट नव्हे

येथे आणखी एक गोम आहे. “राब भाजणे” हा शब्दप्रयोग एक असला, तरी त्यात निदान तीन वेगवेगळ्या क्रिया घडतात.

पहिली, माती तापते. माती तापवली की तिच्यातील काही सूक्ष्मजीव मरतात आणि रोपांना घेता येईल असे नत्र मातीत वाढते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रसेल व हचिन्सन यांनी १९०९ साली तापवलेल्या मातीवर केलेले काम प्रसिद्ध आहे. दुसरी, राख मातीत मिसळते. राखेत पालाश, चुना यांसारखी खनिज द्रव्ये असतात. तिसरी, मातीच्या वरच्या थरातील तणांचे बी जळून जाते, त्यामुळे रोपांना अन्न, पाणी व उजेड यांसाठी स्पर्धा करावी लागत नाही.

यांपैकी खरे काम कोणाचे, यावर पुढचा सल्ला अवलंबून आहे. सगळा फायदा राखेचा असेल, तर घरच्या चुलीतली राख वाफ्यावर टाकली की भागेल; झाडाची फांदी तोडायलाच नको. फायदा तण मरण्याचा असेल, तर खुरपणीने तेच साधेल. पण माती तापणे हेच मुख्य कारण असेल, तर शेतकऱ्याची तक्रार खरी होती आणि भाजण्याला दुसरा पर्याय शोधल्याविना त्याला “राब बंद करा” असे सांगणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रयोग सुरू करण्यापूर्वी प्रश्न असा नेमका मांडून वहीत लिहा: “माती तापवल्याने भाताची रोपे अधिक वाढतात का? राख घातल्याने वाढतात का?” तुमचा अंदाज काय, तोही तारीख घालून लिहून ठेवा. निकाल पाहिल्यावर अंदाज बदलण्याचा मोह सर्वांनाच होतो.

साहित्य आणि तयारी

एकाच आकाराच्या, तळाला भोक असलेल्या वीस कुंड्या घ्या. जुने डबे चालतील, पण सगळे सारखे हवेत. ज्या जागी गेल्या काही वर्षांत राब भाजलेला नाही, अशा एकाच शेतातली सुमारे पंचवीस किलो माती आणा. ती उन्हात वाळवा, ढेकळे फोडा, चाळणीने चाळा आणि एकत्र चांगली कालवा. माती कालवण्यात आळस करू नका. वीसही कुंड्यांत एकच माती जाणार, ही खात्री याच पायरीवर मिळते.

आता मातीचे दोन समान ढीग करा. एक ढीग थोडा थोडा करून लोखंडी घमेल्यात घाला आणि चुलीवर भाजा. अर्धा तास उलथण्याने हलवत राहा. हे काम उघड्यावर आणि शिक्षक जवळ असतानाच करा. दुसरा ढीग भाजायचा नाही. पण तोही तितकाच वेळ घमेल्यात घालून उलथण्याने हलवा. हे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. उलथताना माती मोकळी होते, तिच्यात हवा खेळते. भाजलेल्या मातीला हा लाभ मिळाला आणि दुसरीला नाही, तर दोन ढिगांत उष्णतेखेरीज आणखी एक फरक शिरेल. नंतर दोन्ही ढीग एक दिवस तसेच ठेवा.

चुलीतली राख चाळून घ्या. आता एका कुंडीला एक किलो माती या हिशेबाने चार गट करा, प्रत्येक गटात पाच कुंड्या:

गट अ: न भाजलेली माती, राख नाही.
गट आ: भाजलेली माती, राख नाही.
गट इ: न भाजलेली माती, अधिक १० ग्रॅम राख.
गट ई: भाजलेली माती, अधिक १० ग्रॅम राख.

गट अ हा तुलनेचा गट. त्याला नियंत्रक गट असेही म्हणतात. त्याच्यावाचून बाकीच्या तिन्ही गटांचे आकडे मुके आहेत. या मांडणीची खुबी अशी की उष्णतेचा परिणाम दोनदा कळतो: अ आणि आ यांच्या तुलनेतून एकदा, इ आणि ई यांच्या तुलनेतून पुन्हा. राखेचा परिणामही असाच दोनदा कळतो. शिवाय दोन्ही मिळून एकमेकींना बळ देतात का, हे ई गट सांगतो.

बियाणे एकाच वाणाचे, एकाच पिशवीतले घ्या. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगणारे पोचट बी काढून टाका. बुडालेले बी साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवा. प्रत्येक कुंडीत नारळाच्या हिराने गोलाकार दहा भोके सारख्या खोलीची पाडा आणि प्रत्येकात एक बी टाका. ठरावीक जागी पेरण्याचा फायदा असा की पुढे त्या दहा जागांखेरीज जे उगवेल ते तण, हे निश्चित सांगता येते. काही गवते लहानपणी भातासारखीच दिसतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक आहेच.

चिठ्ठ्या कशाला?

आता कुंड्या मांडायच्या. पडवीच्या कडेला, उजेड येईल पण पाऊस थेट पडणार नाही, अशी जागा पाहा. चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच कुंड्या. पण अ गट भिंतीकडे आणि ई गट बाहेर, अशी मांडणी करू नका. भिंतीकडे उजेड कमी, कडेला पागोळ्यांचे तुषार जास्त. हे फरक मग गटांच्या फरकांत मिसळून जातील. त्याऐवजी कुंड्यांवर १ ते २० आकडे घाला, चिठ्ठ्या टाका आणि ज्या क्रमाने चिठ्ठी निघेल त्या क्रमाने कुंडी ठेवा. जागेचे बरेवाईटपण मग कोणा एका गटाच्या वाट्याला मुद्दाम जात नाही. याला यादृच्छिक मांडणी म्हणतात.

कोणत्या आकड्याची कुंडी कोणत्या गटाची, ही यादी पाकिटात बंद करून शिक्षकांकडे द्या. जे विद्यार्थी रोपे मोजतील, त्यांना ती माहीत नसावी. भाजलेल्या मातीतले रोप उंच असणारच, असे मनात असले की फूटपट्टी नकळत अर्धा सेंटिमीटर वर सरकते. यात लबाडी नसते, माणसाचा स्वभावच तसा असतो. म्हणून त्याचा बंदोबस्त आधीच करायचा.

रोज ठरावीक वेळी प्रत्येक कुंडीला एकाच मापाने पाणी घाला. दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक कुंडीतील तण मोजा, आकडा लिहा आणि मग ते उपटून टाका. यामुळे दोन कामे साधतात. भाजण्याने तण किती कमी झाले ते आकड्यांत कळते. आणि तण सगळीकडूनच काढल्यामुळे रोपांच्या उंचीत जो फरक उरेल, तो तणाच्या स्पर्धेमुळे आला असे म्हणता येत नाही. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी मातीपासून सर्वांत लांब पानाच्या टोकापर्यंत प्रत्येक रोपाची उंची मोजा आणि कुंडीची सरासरी काढा. शेवटच्या दिवशी रोपे मुळांसकट काढून, धुऊन, वाळवून त्यांचे वजनही करा.

पाचच कुंड्या का?

एका गटाची एकच कुंडी ठेवली असती तर? समजा माती तापवण्याचा काहीच परिणाम होत नाही. तरीही दोन कुंड्यांतील एक दुसरीपेक्षा थोडी वरचढ ठरणारच, आणि ती भाजलेल्या मातीची असण्याची शक्यता दोनात एक. म्हणजे नाणे उडवून निर्णय दिल्यासारखेच झाले.

प्रत्येकी दोन कुंड्या घेतल्या, तर भाजलेल्या दोन्ही कुंड्या निव्वळ योगायोगाने वरचे दोन क्रमांक पटकावण्याची शक्यता सहात एक. प्रत्येकी तीन घेतल्या तर विसात एक, चार घेतल्या तर सत्तरात एक आणि पाच घेतल्या तर दोनशे बावन्नात एक. दहा वस्तूंतून पाच निवडण्याचे २५२ मार्ग आहेत, हे गणिताच्या शिक्षकांकडून समजून घ्या. म्हणजे आ गटाच्या पाचही कुंड्या अ गटाच्या पाचही कुंड्यांपेक्षा उंच निघाल्या, तर “हा योगायोग असेल” असे म्हणणाऱ्याची बाजू फार लंगडी पडते.

हा विचार पद्धतशीरपणे मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे रोनाल्ड फिशर. ते १९१९ साली रॉथमस्टेड येथे रुजू झाले. तेथे १८४३ पासून चाललेल्या शेतीप्रयोगांच्या आकड्यांचे ढीग साचले होते. त्यांतून अर्थ काढता काढता त्यांनी प्रयोगरचनेचे शास्त्र उभे केले आणि १९३५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. चहात दूध आधी घातले की नंतर, हे चवीवरून ओळखता येते असे म्हणणाऱ्या एका बाईंची परीक्षा कशी घ्यावी, याचे उदाहरण त्यात आहे. आठ पेले, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या. सगळे योगायोगाने बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. आपल्या चार-चार कुंड्यांचे गणितही हेच!

आपल्याकडे हे शास्त्र रुजवण्यात विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचा या दोघांचा १९५४ सालचा ग्रंथ शेतकी महाविद्यालयांतून अनेक वर्षे अभ्यासला गेला. कर्जतलाही भात संशोधनाची परंपरा १९१९ पासूनची आहे. तेथील केंद्र आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत-१८४ सारखे वाण तेथूनच शेतकऱ्यांपर्यंत पोचले. नवा वाण चांगला आहे असे म्हणण्यापूर्वी तो जुन्या, परिचित वाणाशेजारी, अनेक तुकड्यांत, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या क्रमाने लावून पाहतात. तुमच्या पडवीतील वीस कुंड्या त्याच कुळातल्या आहेत.

आकडे कसे वाचावेत?

समजा अ गटाच्या पाच कुंड्यांतील सरासरी उंची १८, २१, १९, २२ आणि २० सेंटिमीटर आली. सरासरी २०. आ गटाची २३, २५, २२, २६ आणि २४, सरासरी २४. येथे अ गटाची सर्वांत उंच कुंडी आ गटाच्या सर्वांत बुटक्या कुंडीला जेमतेम गाठते. फरक विश्वास ठेवण्याजोगा आहे. पण आ गटाचे आकडे १५, २९, १७, ३३ आणि २६ असे आले असते तर? सरासरी तीच, २४. मात्र दोन कुंड्या अ गटाच्या सर्वांत बुटक्या कुंडीहूनही खाली आहेत. अशा वेळी भाजल्याने उंची वाढली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. म्हणून सरासरी सांगताना सगळे आकडे समोर ठेवावेत. एखादी कुंडी उंदराने उकरली तर तसे लिहून ती वगळा. पण केवळ अंदाजाशी जुळत नाही म्हणून कोणतीही कुंडी वगळू नका.

निष्कर्ष काढताना आपल्या प्रयोगाची कुंपणेही ओळखा. कुंडीतली माती सगळीकडून सारखी भाजली जाते. शेतात वरचा थरच तापतो. आपण एकविसाव्या दिवसापर्यंतची रोपे पाहिली. पुढे लोंबीत किती दाणे भरले ते पाहिले नाही. कुंडीत शेणही घातले नव्हते. यांतील प्रत्येक गोष्ट पुढच्या वर्षीच्या प्रयोगाचा विषय होऊ शकते.

हीच पारख नव्या पद्धतींनाही लावता येते. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यांवर भाताचे बी थेट टोकतात. लावणी नसल्यामुळे रोपवाटिका नको आणि राबही नको. तुमच्या गावात कोणी ही पद्धत वापरत असेल, तर एकाच खाचराचे सारखे तुकडे पाडून, एकच वाण घेऊन तुलना कशी करता येईल, याचा आराखडा काढून पाहा.

या प्रयोगाचे वेळापत्रक सोपे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतच माती आणून, वाळवून, पोत्यात ठेवा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की माती भाजा आणि पेरणी करा. शेतांत लावणीची गडबड सुरू होईल तेव्हा तुमची शेवटची मोजणी होईल. त्या दिवशी पाकीट उघडा, आकडे फळ्यावर लिहा आणि गावातील दोन-चार शेतकऱ्यांनाही बोलवा. रोप पाहून ते जे सांगतील ते तुमच्या फूटपट्टीच्या ध्यानात येणार नाही. निकाल अंदाजाप्रमाणे लागो वा विरुद्ध लागो, वीसही कुंड्यांचे आकडे असलेली वही मात्र शाळेत जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तिच्यापासूनच सुरुवात करायची आहे.